जेल... वाण्याच्या दुकानातलं!

महिन्याची २५ तारीख उलटली की बँक अकाउंटसोबत ड्रेसिंग टेबलवरच्या बाटल्याही रिकाम्या व्हायला लागतात. आधी कंडिशनर संपतो, मग फेसवॉश आणि नेमकं प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री हेअर जेल! माझ्यासारखे कुरळे केस असतील तर जेलशिवाय ऑफिसला जाणं म्हणजे डोक्यावर घरटं घेऊन लिफ्टमध्ये शिरणं. त्या रात्री रूममेट म्हणाली, "अगं, डब्यात जवस आहे ना? मग रडतेस कशाला?"

ती नागपूरची. तिच्या घरून जवसाची चटणी येतेच, शिवाय कच्चा जवसही. पण चटणीचा जवस केसांना? मी हसले. तर बाईसाहेबांनी सरळ पातेलं गॅसवर चढवलं.

यात जादू काही नाही. फालुद्यातला सब्जा भिजल्यावर त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो ना, तसंच चिकट द्रव्य जवसाच्या सालीत असतं आणि ते गरम पाण्यात सुटतं. म्हणून जवस अख्खाच हवा, पूड नको. (बाय द वे, तुमचा तो महागडा लिननचा शर्टसुद्धा याच झाडाच्या खोडाच्या धाग्याचा!)

पाव कप जवस, दोन कप पाणी. मध्यम आचेवर ७ ते १० मिनिटं, सतत ढवळत. आधी पांढरा फेस येतो, मग पाणी जड वाटायला लागतं. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी लोंबती धार दिसली की गॅस बंद! अजून जरा घट्ट होऊ दे, असा मोह नको. गार झाल्यावर ते आपोआप दाटतं.

आणि लगेच गाळा, गरम असतानाच. इथेच माझी फजिती झाली. गॅस बंद करून मी स्लाइड्स बघत बसले. तासाभराने पातेल्यात जेली आणि त्यात अडकलेला सगळा जवस! गाळणीतून थेंब पडेना. रात्रीचे साडेबारा. शेवटी अर्धा कप पाणी घालून पुन्हा गरम केलं, तेव्हा कुठे पारदर्शक, किंचित सोनेरी जेल खाली उतरलं. उरलेला चोथा ओल्या कचऱ्यात टाका. सिंकमध्ये नको, नाहीतर वाचलेले पैसे प्लंबरला जातील.

खर्च? पाव किलो जवस ४०-५० रुपयांना मिळतो, म्हणजे एक घाणा १० रुपयांच्या आत.

लावायचं मात्र ओल्या केसांना, अगदी थोडं. वाळल्यावर केस कडक वाटतात, ते हातांनी हलकेच चुरगाळा की मोकळे होतात. जास्त थापलंत तर पांढरे कण पडतील आणि काळ्या कुर्त्यावर ते कोंड्यासारखेच दिसतील. पहिल्यांदा कानामागे लावून बघा. स्पाइक्सचे शौकीन असाल तर सॉरी, तेवढी पकड यात नाही. हेल्मेटपुढे आणि जुलैतल्या लोकलच्या गर्दीपुढेही ते हात टेकतं.

आता जरा सीरियस. विकतच्या जेलमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह असतं, यात नाही. त्यामुळे बाथरूमच्या कपाटात ठेवायचं नाही. स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये, फार तर आठवडाभर. वास आला, गढूळ झालं किंवा पातळ झालं की फेकून द्यायचं. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल घातली की टिकतं, असं मैत्रिणी सांगतील. त्याने बॅक्टेरिया थांबत नाहीत. जास्त झालंच तर आइस ट्रेमध्ये गोठवा आणि रात्री एक क्यूब फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा.

प्रेझेंटेशन? केस शेवटच्या स्लाइडपर्यंत जागेवर होते. बॉसने तिसऱ्या स्लाइडवरच आकडे चुकल्याचं दाखवून दिलं, पण त्यावर जवसाकडे इलाज नाही.

आमच्या बाटलीवर आता तारखेसोबत 'खायचं नाही' असंही मोठ्ठं लिहिलंय. मागच्या रविवारी एक मैत्रीण साखरेचा पाक समजून ते लिंबू सरबतात ओतायला निघाली होती!