चित्र कोणाचे, आधार कशाचा?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वालावल हे गाव तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. कर्ली नदीचा काठ, लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि देवळाला लागून असलेले तळे. या गावातील एका घराच्या पडवीत एक जुने छापील चित्र टांगलेले मी पाहिले. हातात दिवा धरलेली एक स्त्री, वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा केलेला, आणि बोटांच्या फटींतून पाझरणारा उजेड. तुम्हीही हे चित्र कोठे ना कोठे पाहिलेच असेल. घरातील आजोबा अभिमानाने म्हणाले, "ह्या चित्र रवी वर्म्याचा!"

त्यांची नात नववीत होती. तिला एका चित्रकारावर ऑनलाइन ज्ञानकोशासाठी लेख लिहायचा होता, आणि तिने घरातल्याच चित्रापासून सुरुवात केली होती. पण तिची पंचाईत झाली होती. मोबाइलवर बहुतेक ठिकाणी रवी वर्मा हे नाव होते, काही ठिकाणी मात्र हळदणकर. "मग जास्त ठिकाणी आहे तेच खरे ना?" तिने विचारले.

प्रश्न साधा दिसतो, पण त्यातच सारी मेख आहे. पाणी किती अंशांवर उकळते हे आपण मतदान घेऊन ठरवत नाही. मग चित्र कोणी काढले हे तरी मतांच्या संख्येवर कसे ठरवावे? एकाने लिहिलेले शंभरांनी उतरवून घेतले, तर ते शंभर पुरावे होत नाहीत. पुरावा एकच, आणि तोही पहिल्याने काय पाहून लिहिले यावर अवलंबून!

आता या चित्राची हकीकत पाहू या. ते काढले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी. त्यांचा जन्म १८८२ सालचा, आणि तो वालावलपासून फार लांब नसलेल्या सावंतवाडीचा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, आणि १९६८ साली ते वारले. 'ग्लो ऑफ होप' या नावाने प्रसिद्ध असलेले हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे आहे आणि ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. चित्रासाठी उभी राहिली होती त्यांची कन्या गीता. पुढे त्या गीताताई उपळेकर झाल्या, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, कोल्हापूर येथे निवर्तल्या.

राजा रवी वर्मा यांचा मृत्यू १९०६ चा. म्हणजे चित्र त्यांच्या पश्चात जवळजवळ चाळीस वर्षांनी जन्माला आले. एवढी एक वजाबाकी केली असती तरी निम्मा गोंधळ मिटला असता. दुसरी वजाबाकी तुम्हीच करा. २०१८ साली १०२ वर्षांच्या असलेल्या गीताताई १९४५ साली किती वर्षांच्या होत्या? उत्तर येते एकोणतीसच्या आसपास. तेव्हा कोठे 'चित्रातील चिमुरडी' असे वाचलेत, तर त्या लेखकाने आकडेमोड केलेली नाही असे खुशाल समजा.

मग रवी वर्म्यांचे नाव आले कोठून? याची कारणे मला मोठी मौजेची वाटतात. एक तर त्याच म्हैसूरच्या संग्रहात रवी वर्म्यांची अस्सल चित्रे आहेत. पाहणारा घरी येतो तेव्हा त्याला मोठे नाव आठवते, पाटी आठवत नाही. दुसरे असे की, १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला रवी वर्म्यांचा छापखाना त्यांनी विकल्यावरही चालूच राहिला. त्याच्या चित्रांनी घरोघरच्या भिंती भरल्या, आणि देवादिकांचे वा नटलेल्या स्त्रीचे छापील चित्र म्हणजे रवी वर्मा, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले. आजोबांचा यात काय दोष?

चित्र स्वतःही साक्ष देते. हे चित्र जलरंगातले आहे आणि रवी वर्म्यांची ख्याती तैलरंगांची. जलरंगात उजेड दाखवायचा तर बहुधा कागदाचा पांढरेपणाच राखून ठेवावा लागतो. एकदा रंग गेला की मागे फिरणे कठीण. ज्योतीचा तो उजेड पाहताना हे ध्यानात ठेवा. रंगांची रासायनिक तपासणी तर याहून पुढे जाते. टिटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती आला तो १९१६ नंतरच्या काळात. जर्मनीतील वोल्फगांग बेल्ट्राकी या बनावट चित्रे करणाऱ्या इसमाने १९१४ चे म्हणून खपवलेल्या एका चित्रात हाच रंग सापडला आणि त्याचे बिंग फुटले. २०११ साली त्याला शिक्षा झाली.

परंतु ज्ञानकोशाचा नियम असा की, लेखकाने स्वतः लावलेला शोध तेथे चालत नाही. आधी कोठे तरी जबाबदारीने छापलेला आधार दाखवावा लागतो. त्या मुलीला हा नियम जाचक वाटला. मला तो योग्य वाटतो, कारण त्याला बगल दिली की काय होते याचे एक उदाहरण आहे. २००९ साली जर्मनीचे मंत्री होणाऱ्या गुटेनबर्ग यांच्या मुळातच लांबलचक नावात कोणा टवाळाने ज्ञानकोशात 'विल्हेल्म' हे एक नाव घुसडले. वृत्तपत्रांनी ते तसेच उचलले. मग नाव खरे कशावरून, असे कोणी विचारताच ज्ञानकोशाने आधार दाखवला तो वृत्तपत्राचा! साप आपलेच शेपूट गिळत होता.

म्हणून आधार शोधताना दर वेळी विचारावे, हे सांगणाऱ्याला कसे कळले? चित्र कोणत्या माध्यमातले आणि कोणाच्या मालकीचे, हे संग्रहालयाची नोंद सांगेल. चित्रासाठी कोण उभे होते, याला गीताताईंच्या स्वतःच्या सांगण्याइतका जवळचा आधार नाही. पण हळदणकर थोर चित्रकार होते की नाही, हे मात्र कन्येला विचारू नये. ते जाणकार टीकाकाराने सांगावे. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला 'शिल्पकार चरित्रकोश' मालेतील दृश्यकला खंड, मराठी विश्वकोश, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जुन्या प्रदर्शनांच्या सूची, अशी कामाची पुस्तके आहेत. ती सगळीच मोबाइलवर मिळत नाहीत. त्यासाठी ग्रंथालयाची पायरी चढावी लागते, आणि शिक्षकांनी मुलांना तेथे न्यायला हवे. नुसते 'इंटरनेटवर पाहा' म्हणून गृहपाठ देणे मला पटत नाही.

एक अडचण मात्र खरीच आहे. कोकणातल्या कितीतरी कलावंतांवर कोणी एक ओळही छापलेली नाही. त्यांच्याविषयी गावातील वृद्धांना जे ठाऊक आहे, ते त्यांच्याबरोबर जाईल. ज्ञानकोश ते घेणार नाही, पण आपण तारीख घालून आणि सांगणाऱ्याचे वय व नाते नोंदवून लिहून ठेवू शकतो, आणि जिल्ह्यातील एखाद्या ग्रंथालयात त्याची प्रत देऊ शकतो. पुढचा अभ्यासक ते तपासून छापील.

वालावलच्या पडवीतील ते चित्र अजून जागेवरच आहे. खालच्या नावावर काट मारायला आजोबांनी साफ नकार दिला. नातीने मग चौकटीच्या मागे एक कागद चिकटवला. त्यावर हळदणकरांचे नाव आहे, साल आहे, आणि हे कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर सापडले तेही आहे.