हमीदा बानूच्या कुस्त्या एकदा तपासा

प्रति,
मा. कुलगुरू,
लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था, ग्वाल्हेर



हे पत्र मी फूलबागेतून, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीजवळून लिहिते आहे. मराठीतून लिहिते, कारण तीच राणीची घरची भाषा. जून १८५८मध्ये ग्वाल्हेरच्या रणात राणी इंग्रजी घोडदळाशी लढता लढता पडली. समोर बायकांची वेगळी फळी नव्हती. १९५७ साली, १८५७च्या उठावाच्या शताब्दीला, तिच्याच नावाने तुमची संस्था उभी राहिली. म्हणूनच हमीदा बानू या पैलवान बाईची कैफियत तुमच्यापुढे मांडते आहे.

फेब्रुवारी १९५४मध्ये हमीदा बानूने जाहीर आव्हान दिलं : मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन. त्यानंतर तिने पतियाळा आणि कलकत्त्याच्या मल्लांना अस्मान दाखवलं. मे महिन्यात बडोद्यात बाबा पैलवान समोर आला. हमीदाने ती कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत जिंकली. त्याच बडोद्यात छोटा गामा या मल्लाने तिच्याशी लढायचं टाळलं होतं.

आपल्या महाराष्ट्राने तिला कसं वागवलं हे लिहिताना मान खाली जाते. कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या कोल्हापुरात तिने पुरुष मल्लाला पाडलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगड मारले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती तिथल्या कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तिने आपल्या कुस्त्यांवरच्या बंदीविरुद्ध दाद मागितली. उत्तर आलं की ती बाई आहे म्हणून मनाई केलेली नाही. आयोजक तिच्यासमोर बनावट पैलवान उभे करतात अशा तक्रारी आल्या, म्हणून केली आहे.

म्हणजे आरोप नुरा, आधीच निकाल ठरवलेल्या, कुस्तीचा. मला तो झटकून टाकायचा नाही. त्या काळी तिकीट लावून होणाऱ्या कुस्त्यांच्या दंगलींत नुरा चालत असे, आणि दारासिंग आणि किंगकाँग या मल्लांच्या कुस्त्यांबद्दलही लोक हेच कुजबुजत. पण त्यांचं नाव टिकलं. हमीदाबद्दल मात्र शंका तेवढी उरली. तिच्या कोणत्या कुस्त्या खऱ्या, कोणत्या ठरवलेल्या, हे कुणी बसून तपासलं का? १९४४मध्ये मुंबईत गुंगा पैलवानाशी तिची कुस्ती पाहायला वीस हजार माणसं जमली होती. ऐनवेळी ती रद्द झाली आणि लोकांनी मोडतोड केली. एवढ्या गर्दीचा खेळ वर्तमानपत्रांत खुणा ठेवल्याशिवाय जात नाही.

पुढे ती कल्याणला राहिली, दूध विकून दिवस काढले, १९८६ साली गेली. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या पानावर तिचं चित्र लावलं, तेव्हा कुठे अनेकांना तिचं नाव कळलं. एका परदेशी कंपनीला सुचलं ते आपल्या क्रीडासंस्थांना सुचू नये, याचा मला राग येतो.

हा केवळ जुना हिशेब नाही. पैलवान गीता फोगटला वडिलांनी गावच्या दंगलीत मुलांशी लढवलं, आणि २०१०मध्ये तिने राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणलं. आमच्याकडे महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा १९६१ पासून सुरू आहे. महिलांची पहिली गदा २०२३ साली सांगलीत प्रतीक्षा बागडीने घेतली. मधल्या काळात जोड नाही म्हणून कितीजणींनी तालमीत मुलांशीच सराव केला असेल! आजही वजनाची जोड मिळाली नाही की वस्ताद मुलगा समोर उभा करतात. हे चोरून चालू नये. अधिकृत स्पर्धा स्त्रियांच्या वेगळ्याच राहाव्यात, असं माझंही मत आहे. वरच्या पातळीवर ताकदीचा फरक खरा आहे. सरावाचं तसं नाही. किती वजनाच्या फरकापर्यंत, कोणत्या वयात, कोणाच्या देखरेखीखाली, कोणते डाव वर्ज्य, हे नीट अभ्यासून सांगणारं कुणीतरी हवं. प्रशिक्षक घडवणाऱ्या तुमच्या संस्थेहून ते दुसरं कोण सांगणार?

तेव्हा दोन गोष्टी करा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बडोदा इथल्या १९४० ते १९५५च्या वर्तमानपत्रांचा आणि सरकारी दप्तरांचा धांडोळा घ्यायला एक संशोधक नेमा, आणि जे निघेल ते, तिच्या विरुद्ध गेलं तरी, छापा. आणि मिश्र सरावाची नियमावली तयार करून ती तालमींच्या वस्तादांपर्यंत हिंदी-मराठीत पोहोचवा.

आपली,
फूलबागेतील एक मराठी रहिवासी