एआयचं डबल मेजर की मायनर? धंदा करायचा असेल तर उरलेली क्रेडिट्स मोजा



या आठवड्याच्या व्हिडिओत हा विषय घाईत उरकला, म्हणून इथे नीट लिहितोय. तुमच्यापैकी कुणी स्वतः कॉलेजात आहे, कुणाचा मुलगा किंवा मुलगी आहे. घरी दुकान आहे, मसाल्याचा डंक आहे, मूर्तीचा कारखाना आहे, खानावळ आहे, आणि पुढे तेच वाढवायचंय. अशा वेळी कॉलेजचा फॉर्म समोर येतो आणि त्यात एआय दिसतं. कुठे मायनर म्हणून, कुठे दुसरं मेजर म्हणून. घरचे म्हणतात, घेतोयस तर मोठं घे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धंदा करायचा असेल तर मायनर घ्या. डबल मेजर नको.

आता कारण. यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा क्रेडिट आराखडा काढला. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांमध्ये नव्या धोरणाची पदवी २०२४-२५ पासून सुरू झाली. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट्स लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. मुख्य विषयाला तीन वर्षांत ६०, मायनरला २४. डबल मेजर घ्यायचं तर दुसऱ्या विषयात एकूणाच्या किमान ४० टक्के, म्हणजे ४८. चार वर्षांसाठी हेच आकडे ८०, ३२ आणि ६४ होतात. आपल्याकडे विद्यापीठागणिक ते थोडे वरखाली होतात, तुमच्या कॉलेजचा तक्ता मागून घ्या.

सगळेजण एआयला किती क्रेडिट्स आहेत ते बघतात. तुम्ही उरतात किती ते बघा. मुख्य विषयाची ६० आणि मायनरची २४ झाली की १२० मधली ३६ उरतात. डबल मेजरमध्ये ६० आणि ४८ मिळून १०८, उरली फक्त १२. भाषा, कौशल्याचे विषय, इतर शाखेचे विषय, इंटर्नशिप हे सगळं त्या १२ मध्ये कोंबायचं, नाहीतर १२० च्या वर जाऊन जास्तीचे तास भरायचे. एका क्रेडिटचा अर्थ वर्गात १५ तास, प्रॅक्टिकल असेल तर ३०. २४ क्रेडिट्सचा फरक म्हणजे नुसत्या लेक्चरचे ३६० तास. ज्या जागेत तुम्ही हिशेब ठेवायला, गिऱ्हाइकाशी बोलायला, कुणाच्या तरी गोदामात उभं राहायला शिकणार होतात, नेमकी तीच जागा डबल मेजर खाऊन टाकतं.

इंजिनीअरिंगचं गणित वेगळं आहे. तिथे एआयसीटीईच्या नमुना आराखड्यात पदवी १६० क्रेडिट्सची, आणि मायनर किंवा ऑनर्स हवं असेल तर त्यावर आणखी १८ ते २०. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या 'सी' स्कीममध्ये एआय-एमएलचा ऑनर्स/मायनर १८ क्रेडिट्सचा होता आणि पाचव्या सत्रापासून सुरू व्हायचा. त्यातला पहिला पेपर कोणता, माहितीये? 'मॅथेमॅटिक्स फॉर एआय अँड एमएल'. चॅटबॉटला प्रश्न कसे विचारायचे हे शिकवतील म्हणून गेलेल्या मुलाच्या पुढ्यात आधी मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी येते. मला हे योग्यच वाटतं. पण बारावीचं गणित जेमतेम सुटलेल्या मुलाने ४८ क्रेडिट्स अंगावर घेण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

धंद्याला यातलं किती लागतं? लालबागचं उदाहरण घेऊ. मार्च ते मे मसाल्याचा मोसम. बेडगी कधी संपते, काश्मिरी किती मागवायची, डंकावर कोणत्या आठवड्यात रांग लागते, हे दुकानदाराला अंदाजाने कळतं. तुम्ही तीन वर्षांची बिलबुकं एक्सेलमध्ये भरली तर रोजची एक ओळ धरून साधारण हजार ओळी होतील. हजार ओळींना न्यूरल नेटवर्क लागत नाही. सरासरी, मोसमी चढउतार, साधं रिग्रेशन, बस्स. ते मायनरच्या पहिल्या निम्म्या भागातच येतं. रोबोटिक्स आणि कॉम्प्युटर व्हिजनचे पेपर वाईट नाहीत, पण मिरचीच्या ऑर्डरला त्यांचा उपयोग नाही.

आता दादरचं फुलमार्केट बघा. दसऱ्याला झेंडू. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. गणेश चतुर्थी त्याच तीन वर्षांत १९ सप्टेंबर, ७ सप्टेंबर आणि २७ ऑगस्ट. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, म्हणून सगळे सण पुढे ढकलले गेले. इंग्रजी तारखांवर शिकवलेलं तयार मॉडेल इथे सरळ आपटतं. ते म्हणणार, मागच्या वर्षी १२ ऑक्टोबरला मागणी होती, यंदाही त्याच सुमाराला माल भरा. तोपर्यंत दसरा होऊन दहा दिवस उलटलेले, झेंडू कुजलेला. मॉडेलला तारखेऐवजी तिथी द्यायची हे ज्याला धंदा कळतो त्यालाच सुचणार. म्हणून म्हणतो, मुख्य विषय तुमच्या धंद्याजवळचा ठेवा. कॉमर्स, फूड सायन्स, टेक्स्टाइल, अगदी फाइन आर्टसुद्धा. एआय त्याच्या बाजूला बसू दे.

आपल्या भागाला हे नवीन नाही. व्हीजेटीआय १८८७ मध्ये निघालं, तेव्हा तिथल्या शिक्षणाचा संबंध थेट गिरण्यांशी होता. मशीन शिकायचं ते गिरणीसाठी. आज गिरण्या नाहीत, पण यंत्र कुठल्या कामासाठी शिकतोय हा प्रश्न तसाच आहे.

"पण सर, डबल मेजर असेल तर बँक लोन पटकन देईल ना?" नाही देणार. केंद्राच्या पीएमईजीपी योजनेत उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर आणि सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर शिक्षणाची अट आहे, आणि ती आहे आठवी पास. बँकवाला प्रकल्प अहवाल बघतो, उलाढाल बघतो, तुमची जुनी कर्जं बघतो. गुणपत्रिका फाइलमध्ये मागे कुठेतरी असते.

डबल मेजर कुणी घ्यावं? ज्याला एआयच विकायचंय त्याने. दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी काढायची असेल, पुढे एमटेक किंवा संशोधन करायचं असेल, तर जरूर घ्या, मन लावून करा. अमेरिकेत कार्नेगी मेलनने २०१८ मध्ये एआयची पदवी सुरू केली, आपल्याकडे आयआयटी हैदराबादने २०१९ मध्ये बीटेक एआय सुरू केलं. ही वाट खरी आहे आणि खडतरही आहे. पण ती मसाल्याच्या दुकानाकडे जात नाही.

पत्रकांबद्दलही सांगतो. स्टेशनबाहेर 'एआय डिप्लोमा, ४५ दिवसांत' असं काही हातात पडलं तर पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, याची क्रेडिट्स माझ्या एबीसी खात्यात, म्हणजे अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, जमा होणार का? नाही म्हणाले तर तो क्लास आहे, मायनर नाही. क्लास उपयोगी असू शकतो, पण त्याला क्लासचीच फी द्या. हे एबीसी खातं धंदेवाल्या घरांनी विशेष समजून घ्यायला हवं. वडील आजारी पडले, दुकान बघायला कुणी नाही, अशा वेळी मुलाला कॉलेज सोडावं लागतं. आता पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट्स आणि ४ क्रेडिट्सचा व्यावसायिक कोर्स झाला असेल तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. डबल मेजर अर्धवट टाकून परत येणं किती जड जाईल, तुम्हीच बघा.

मायनर घेतलात तर प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरून कुठलातरी परदेशी डेटा उचलू नका. घरची बिलबुकं घ्या, शेजारच्या दुकानाची मागा. गाइडला आधीच सांगा की विषय माझ्या दुकानाचा असेल. बरेच शिक्षक खूश होतात, त्यांनाही तोच तो डेटा बघून कंटाळा आलेला असतो.

आणि फॉर्म भरण्याआधी एकदा कॉलेजात जाऊन या. मायनर कागदावर आहे की खरंच वर्ग भरतो, शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर, किती मुलं आली तर बॅच सुरू होते, आणि नाही झाली तर तुम्हाला कोणत्या विषयात ढकलणार, हे ऑफिसच्या खिडकीवर न विचारता थेट विभागप्रमुखांना विचारा. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.