सब्र कुणी करायचा?

रमजानमध्ये ‘सब्र’ हा शब्द रोज कानावर पडतो. सब्र म्हणजे संयम, धीर. मशिदीतल्या बयानात, इफ्तारच्या दस्तरखानावर कुणी ना कुणी त्याचं उदाहरण देतंच. मला आज स्क्वॉशपटू हाशिम खान यांचं उदाहरण द्यायचं आहे, पण जरा वेगळ्या कारणासाठी.

स्क्वॉश हा चार भिंतींच्या आत, समोरच्या भिंतीवर आळीपाळीने चेंडू मारण्याचा खेळ. हाशिम पेशावरजवळच्या नवाकिले गावचे. वडील इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात नोकरीला. तिथल्या कोर्टांना छप्पर नव्हतं. भिंतीवरून बाहेर गेलेला चेंडू पळत जाऊन आणायचं काम पोरांचं, त्यांतलाच हा एक. स्वतः खेळायची मुभा कधी? साहेब लोक उन्हाला कंटाळून निघून गेले की. मग तापलेल्या फरशीवर अनवाणी, टाकून दिलेल्या चेंडूने हा पोरगा खेळत राही. ते ऊन कसं असेल, हे रोजा ठेवून दुपारी कामावर जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पुढे ते हवाई दलाच्या मेसमध्ये प्रशिक्षक झाले. १९४४ साली मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा त्यांनी जिंकली, नंतरची दोन वर्षंही जिंकली. पण त्या काळी सर्वांत मानाची असलेली ब्रिटिश ओपन लांबच राहिली. बोटीचं, विमानाचं भाडं कोण देणार? मग फाळणी झाली. त्यांचे नात्यातले अब्दुल बारी मुंबईतच राहिले आणि १९५० मध्ये भारतातून ब्रिटिश ओपनला गेले. अंतिम फेरीत ते इजिप्तच्या महमूद करीम यांच्याकडून हरले. ही बातमी पोचली तेव्हा कुठे पाकिस्तानात हालचाल झाली आणि १९५१ मध्ये हवाई दलाच्या मदतीने हाशिम इंग्लंडला गेले. त्याच करीम यांना त्यांनी ९-५, ९-०, ९-० असं हरवलं. पस्तिशी ओलांडलेला माणूस! त्या वयात बाकीचे रॅकेट खुंटीला टांगतात. त्यांनी ही स्पर्धा एकूण सात वेळा जिंकली. भाऊ आझम, नात्यातले रोशन आणि रोशन यांचा मुलगा जहांगीर हेही पुढे ती जिंकले. जहांगीर तर १९८२ पासून सलग दहा वेळा.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, सब्राचं फळ. मला हे अर्धंच पटतं. धीर त्यांचा होताच. पण रोजेदाराला मगरिबची वेळ ठाऊक असते; घरोघरी वेळापत्रक टांगलेलं असतं. हाशिम यांच्या वाट बघण्याला असं वेळापत्रक नव्हतं. त्यांची उमेदीची वर्षं वाया गेली ती त्यांच्यात धीर कमी होता म्हणून नव्हे. ज्यांच्या हातात कोर्ट होतं, पैसा होता, त्यांना घाई नव्हती. चावी ज्याच्या कंबरेला, त्याने बाहेर उभ्या पोराला सब्र शिकवावा, हे मला मान्य नाही. आपण मात्र हेच करतो. गरिबाच्या पोराला धीराचे चार शब्द आणि आपल्या पोराला कोचिंग.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतच झालेल्या ऑलिम्पिक समितीच्या बैठकीत २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी स्क्वॉशला मंजुरी मिळाली. आनंदच आहे. पण आपल्याकडे स्क्वॉशची कोर्टं अजून बहुतेक क्लबांत आणि मोठ्या शाळांत आहेत. लहान गावांत ती नसतातच. बॅडमिंटनचा हॉल असतो, आणि तो दुपारी कुलूपबंद असतो.

या महिन्यात आपण जकात, फितरा काढतो, धान्य, कपडे देतो. ते द्यावंच. पण आपल्यापैकी काही जण संस्थांचे विश्वस्त आहेत, काही नगरसेवक, काही क्लबाचे सभासद. त्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, जैन आहेत. दुपारी बारा ते चार तो हॉल वस्तीतल्या मुलांसाठी उघडा ठेवायला एक शिपाई आणि थोडं विजेचं बिल लागेल. पुढच्या बैठकीत एवढा एक विषय कुणी मांडेल का?