बोलणे ऐकू येत नाही, पण ओळखू येते

इंटरनेटवरून केलेल्या कॉलमधले बोलणे आता कुलूपबंद होऊन जाते. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये ही सोय सर्वांना दिली. त्यामुळे कंपनीला काही कळत नाही, अशा समजुतीत आपण निश्चिंत असतो. शब्द कळत नाहीत, हे खरे. परंतु बोलणे चालू आहे, हे मात्र कळते!

आवाजाचे बारीक तुकडे करून ते साधारणपणे सेकंदाला ५० या वेगाने पाठवले जातात. तुकडे लहान, ठरावीक अंतराने जाणारे आणि दोन्ही दिशांनी वाहणारे. सिनेमा पाहताना मोठे तुकडे लोंढ्याने एकाच बाजूने येतात. म्हणजे पाकीट न फोडता नुसत्या वजनावरून आणि वेळेवरून आत काय आहे ते ताडायचे. २००७ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तर तुकड्यांच्या लांबीवरून बोलणाऱ्याच्या भाषेचाही अंदाज बांधता येतो, हे दाखवून दिले.

ही ओळख मुळात वाईट नव्हे. जाळ्यावर गर्दी झाली आणि ई-मेल दोन सेकंद अडकला तर बिघडत नाही. आवाज मात्र १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तरच बोलणे सुरळीत चालते. तेव्हा कॉलला आधी वाट द्यावी, हे रास्तच आहे.

प्रश्न असा की, ज्या नजरेने कॉल पुढे काढता येतो त्याच नजरेने तो अडवताही येतो. अमेरिकेत मॅडिसन रिव्हर या टेलिफोन कंपनीने व्होनेजचे इंटरनेट कॉल अडवले. २००५ मध्ये तिला १५ हजार डॉलर भरावे लागले. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल वर्षानुवर्षे रोखले गेले. घरच्यांशी बोलण्यासाठी तिथल्या मजुराला परवानाधारक अ‍ॅपचे पैसे मोजावे लागले. आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे दर जाहीर केले आणि लोक खवळताच काही दिवसांत मागे घेतले. पुढे ‘ट्राय’ने फेब्रुवारी २०१६ मध्ये डेटाच्या दरांतील भेदभावाला बंदी घातली. वाहतुकीतील भेदभावाविरुद्धच्या तिच्या २०१७ च्या शिफारशी सरकारने २०१८ मध्ये स्वीकारल्या.

मात्र त्यात ‘वाजवी वाहतूक व्यवस्थापना’ची मुभा आहे. ती हवीच. पण वाजवी काय, हे ठरवणार कोण? आजही कंपनीच्या स्वतःच्या फोर-जी कॉलला जाळ्यात राखीव वाट असते, तर अ‍ॅपवरचा कॉल सर्वसाधारण गर्दीत ढकलला जातो. धनदांडग्या कंपन्यांना ही व्यवस्था सोयीचीच आहे. कॉल तुटला की गावाकडचा माणूस ‘रेंज नाही’ म्हणून गप्प बसतो. आपला कॉल मुद्दाम मागे ठेवला गेला का, हे त्याला घरबसल्या सहज कळत नाही. म्हणूनच प्राधान्य द्यायचे तर ते सर्व अ‍ॅपच्या कॉलना सारखे द्यावे, आणि कोणत्या कंपनीच्या जाळ्यावर कोणता कॉल किती रखडतो, हे ‘ट्राय’ने स्वतः मोजून जिल्हावार जाहीर करावे.