कंठ मुलीचा, हक्कही मुलीचाच

जत्रेच्या तंबूत जी मुलगी गाते, ती बहुधा कोणत्या वस्तीतून आलेली असते, याचा आपण विचार केला आहे काय?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ सालचा. घरचाच फड; बालवयातच त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. परंतु दिवस भरलेले असताही त्यांना नाचावे लागले, आणि २००२ साली त्यांचा अंत झाला तो विपन्नावस्थेत. त्यांच्या कलेस आमचे वंदन आहे. दोष आहे तो जन्माबरोबर गळ्यात पडणाऱ्या धंद्याचा.

मुरळ्या व देवदासींवरही हीच सक्ती होती. १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये, हाल सोसावे लागले तरी हे जिणे सोडा, असे बाबासाहेबांनी त्यांना बजाविले.

आपण धम्म स्वीकारला आहे, आणि सम्यक आजीविका हे त्याच्या अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. आपल्या मुलीचा कंठ गोड असेल तर तिने अवश्य गावे. परंतु प्रथम तिला शाळेत घाला. घरची चूल पेटविण्याचा भार तिच्या कोवळ्या गळ्यावर टाकू नका. पुढे ती गाईल ती स्वेच्छेने, आणि आपल्या मेहनतान्याचा हिशेब स्वतः वाचून घेईल.