हातीं राहिलें धुपाटणें

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत सोयाबीनच्या भावाची चर्चा कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील हें आम्ही जाणून आहों. परंतु आमची तक्रार शब्दांपासूनच सुरू होते. आपल्या भाषेंत 'महागाई' हा एक शब्द आहे. तो उच्चारतांच वर्तमानपत्रांचे रकाने भरतात, मंत्र्यांच्या बैठका बसतात, जकातीचे दर एका रात्रींत बदलतात. उलट 'स्वस्ताई' हा शब्द मंगल समजला जातो. ज्याच्या मालाची स्वस्ताई झाली त्याच्या दुःखाला मात्र आपल्या भाषेनें स्वतंत्र नांव ठेवलेलें नाहीं. पाऊस पडला नाहीं तर तो कोरडा दुष्काळ. अति पडला तर ओला दुष्काळ. पीक उत्तम यावें आणि भाव गडगडावा, या दुष्काळाला काय म्हणावें? त्याचा पंचनामा होत नाहीं, त्याची आणेवारी लागत नाहीं, आणि त्याचें खापर फोडावयाला वरुणदेवहि सांपडत नाहीं.

सन २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास आम्ही लातूरकडे गेलों होतों. तेथील एका बाजाराच्या आवारांत एक वयस्क शेतकरी पोत्यांजवळ उभा होता. आडत्यानें मूठभर दाणे यंत्रांत घातले आणि म्हटलें, "पाटील, ओल सोळा भरली." पाटलांनीं यंत्राकडे पाहिलें नाहीं. "काल रात्री हिव पडलंय, मग ओल भरणारच. किती लावता तेवढं सांगा," इतकेंच ते बोलले. भाव लागला तो चार हजारांच्याहि खालीं. त्या हंगामाचा सरकारी हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. सरकारी खरेदी-केंद्रावर माल कां नेत नाहीं, असें आम्हीं अजाणपणें विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें कीं तेथें बारा टक्क्यांपेक्षां अधिक ओलीचा माल घेत नाहींत. वाळवीत बसावें तर रब्बीच्या बियाण्याला पैसा कोठून आणावा? पुढें नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें ती मर्यादा पंधरा टक्क्यांवर नेली. निवडणूक तोंडावर होती, आणि कोणी सहा हजारांचीं तर कोणी सात हजारांचीं आश्वासनें देत सुटले होते. पाटलांचीं पोतीं त्यापूर्वींच विकलीं गेलीं होतीं.

आतां या व्यवहाराचा हिशेब सरकारच्याच आंकड्यांनीं मांडूं. त्या वर्षीं सोयाबीनचा उत्पादनखर्च सरकारनें क्विंटलमागें ३२६१ रुपये धरला, आणि त्याच्या दीडपट म्हणून ४८९२ ठरविले. या खर्चांत घरच्या माणसांची मजुरी येते. पण स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचें व्याज येत नाहीं. आपल्याकडे हेक्टरीं दहा क्विंटलांच्या आसपास पीक येतें. चार हजारांनीं विकलें तर हमीभावाच्या मानानें हेक्टरामागें ८९२० रुपये गेले. हे पैसे चोरीस गेले नाहींत, जळाले नाहींत. ते कोणाच्या तरी पदरांत पडले. कोणाच्या, तें आम्ही पाहूं इच्छितों.

येथें वाचकांनीं दुसऱ्या एका तेलाकडे क्षणभर वळावें, अशी आमची विनंति आहे. जमिनीच्या पोटांतून निघणाऱ्या तेलाचा भाव सन २०१४ च्या मध्याला पिंपामागें शंभर डॉलरांच्या वर होता. सन २०१६ च्या जानेवारींत तो तीस डॉलरांच्याहि खालीं उतरला. ही स्वस्ताई शेतकऱ्याच्या डिझेल-पंपापर्यंत पूर्णपणें पोहोंचली काय? नाहीं. नोव्हेंबर २०१४ पासून जानेवारी २०१६ पर्यंत सरकारनें पेट्रोल व डिझेल यांवरील अबकारी कर पुनःपुन्हां वाढविला आणि उतरलेल्या भावांतील मोठा हिस्सा आपल्या तिजोरींत ठेवून घेतला. सन २०२० च्या मे महिन्यांत, जगांतील बाजार पुन्हां कोसळला असतां, एकाच फटक्यांत डिझेलवर लिटरमागें तेरा रुपये व पेट्रोलवर दहा रुपये वाढविण्यांत आले. (पुढें भाव चढल्यावर त्यांतील कांहीं भाग सोडला, हें न्यायासाठीं नमूद करतों.) एवंच, जें तेल शेतकरी विकत घेतो तें जगांत स्वस्त झालें तर ती स्वस्ताई सरकारची, आणि ज्या तेलाच्या बिया शेतकरी विकतो तें जगांत महाग झालें तर ती महागाई मात्र शेतकऱ्याची नव्हे. तेथें सरकार आपली जकात सोडावयास एका पायावर तयार!

हा आरोप पोकळ नाहीं, हें दाखविण्यासाठीं सन २०२१ पासूनचा क्रम सांगतों. त्या वर्षींच्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचा भाव दहा हजारांच्या घरांत गेला. कित्येक वर्षांनीं शेतकऱ्याच्या घरांत दोन पैसे खुळखुळूं लागण्याची चिन्हें दिसलीं. ऑगस्टांत परदेशांतून बारा लाख टन सोयापेंड आणण्यास परवानगी मिळाली. आणि ती पेंड जनुकांत फेरफार केलेल्या बियांची होती, जें बीं आपल्या शेतकऱ्यानें पेरल्यास गुन्हा ठरतो. नवा माल येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. ऑक्टोबरांत कच्च्या खाद्यतेलांवरील मूळ जकात शून्यावर आणली. २० डिसेंबरला सोयाबीन, मोहरी, हरभरा इत्यादि सात जिनसांचा वायदेबाजार बंद करण्यांत आला. बंदी एका वर्षाची म्हणून आली आणि मुदतीमागून मुदत वाढवून घेत राहिली. सन २०२२ च्या मे महिन्यांत सोयाबीन व सूर्यफूल यांचें प्रत्येकीं वीस लाख टन कच्चें तेल दर वर्षीं विनाजकात आणण्याची सोय दोन वर्षांसाठीं केली. युक्रेनचें युद्ध पेटलें होतें, इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात कांहीं आठवडे रोखली होती. तेव्हां हें समर्थनीय होतें असें कोणी म्हणेल. असो. परंतु युद्धाची धग ओसरून जगांतील भाव उतरले, तरी जकात होती तेथेंच राहिली. ती चढविण्यास सन २०२४ चा सप्टेंबर उजाडावा लागला. त्या महिन्यांत कच्च्या तेलावरील एकूण जकात साडेपांच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के झाली आणि शुद्ध तेलावरील ३५.७५ टक्के झाली. आम्हीं त्या निर्णयाचें स्वागत केलें होतें. तें स्वागत आम्ही आज परत घेतों. कारण ३० मे २०२५ रोजीं, म्हणजे मृगाच्या पेरण्यांना अवघे कांहीं दिवस उरले असतां, कच्च्या तेलावरील जकात पुन्हां साडेसोळा टक्क्यांवर उतरली.

या शेवटच्या फेऱ्यांत एक बारकावा आहे. शुद्ध तेलाची जकात जशीच्या तशी राहिली. फक्त कच्च्या तेलाची उतरली. दोहोंमधील अंतर सव्वाआठ टक्क्यांचें होतें, तें सव्वाएकोणीस टक्क्यांचें झालें. या अंतराचा अर्थ काय? परदेशांतून कच्चें तेल आणून येथें शुद्ध करणाऱ्या गिरणीवाल्याला संरक्षण. देशी शुद्धीकरण-धंदा जगावा हें कारण सरकारनें उघड सांगितलें, आणि त्या कारणाशीं आमचें भांडण नाहीं. भांडण इतकेंच कीं गिरणीला संरक्षण ही राष्ट्रीय नीति ठरते आणि शेताला संरक्षण हें महागाईला आमंत्रण ठरतें! एकाच आज्ञापत्रांत तेल गाळणारा सुरक्षित झाला आणि तेल पिकविणारा उघडा पडला.

आमचे प्रतिपक्षी येथें एक खरा मुद्दा काढतील, तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. ते म्हणतील, "सन २०२४ च्या सप्टेंबरांत जकात वाढली, तेलाचे भाव चढले, मग सोयाबीन कां चढलें नाहीं? दोष जकातीचा नव्हे." अर्धवट खरें आहे. सोयाबीन हें नांवाला गळिताचें धान्य. क्विंटलभर बियांतून तेल निघतें अठरा-वीस किलो, बाकी बहुतेक सर्व पेंड. तेव्हां भाव ठरतो तो तेलापेक्षां पेंडीनें. आणि पेंड कां पडली? कारण मका व तांदूळ यांपासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांचा चोथा सुकवून कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यांत स्वस्तांत जाऊं लागला. हे कारखाने आपोआप उगवले नाहींत. पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें धोरण सरकारचें, त्याचे खरेदीदर सरकारी, आणि सरकारी कोठारांतील तांदूळ क्विंटलला २२५० रुपयांनीं त्यांना देण्याचा निर्णयहि सरकारचाच. परदेशीं खनिज तेल कमी आणावें म्हणून केलेल्या योजनेनें देशी खाद्यतेलाच्या बीं-उत्पादकाचा पाय मोडला. आणि त्यानें पेरा कमी केला कीं परदेशीं खाद्यतेल अधिक आणणें प्राप्त. एका तेलासाठीं दुसरें गमावलें, आणि त्याच्या हातीं धुपाटणें राहिलें. एका खात्याचें काम दुसऱ्या खात्याला ठाऊक नसावें हें आम्ही समजूं शकतों. पण शेतकऱ्यानें सगळ्या खात्यांच्या अज्ञानाची भरपाई कां करावी?

हा खेळ नवा नाहीं. सन १९२७ त रुपयाचा दर सोळा पेन्सांऐवजीं अठरा पेन्सांवर बांधण्यांत आला, तेव्हां हिल्टन यंग कमिशनांतील सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं आपली भिन्न पत्रिका जोडून विरोध केला होता. चढ्या रुपयानें परदेशीं माल स्वस्त येतो आणि कापूस विकणाऱ्याला रुपये कमी मिळतात, एवढाच त्या वादाचा गाभा. दोन वर्षांनीं जगांत मंदी आली व त्या दुहेरी माऱ्याखालीं शेतकरी पार चेंगरला. तें सरकार परकी होतें, ही आपली समजूत घालण्याची सोय तेव्हां होती. सन १९८६ सालीं स्वकीय सरकारनें गळिताच्या धान्यांसाठीं एक तंत्रज्ञान-मोहीम काढली, आणि बियाणें, खरेदी, जकात या तिन्ही गोष्टी एकदम सांभाळल्यामुळें सन १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हा देश खाद्यतेलांत जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. सन १९९४ त पामतेलाची आयात खुली झाली ती पांसष्ट टक्के जकातीनें. चार वर्षांत ती पंधरावर आली. सोयातेलावर पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक जकात न लावण्याचें वचन तर आपण जागतिक व्यापार-करारांत लिहूनच दिलें आहे. (इतर तेलांवर तीनशें टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे, ती वापरण्याचें धैर्य कोणी दाखवीत नाहीं.) आज आपण वर्षाला दीड कोटि टनांहून अधिक तेल बाहेरून आणतों, गरजेच्या निम्म्याहून अधिक. सोलापूर-उस्मानाबादकडे ज्या घरीं करडईच्या तेलावांचून फोडणी पडत नसे, त्या घरीं आज मलायाचें पामतेल पिशवींतून येतें.

राहतां राहिला गरीब ग्राहकाचा प्रश्न. शहरांतील हमालाला, शेतमजुराच्या बायकोला तेल परवडलें पाहिजे, हें आम्हांला मान्यच आहे. पण त्यासाठीं तेल स्वस्त करावयाचें तर तें शिधापत्रिकेवर सरकारनें आपल्या खर्चानें द्यावें. आज चालतें तें हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. पुण्याच्या हॉटेलांतील भज्यांपासून मोठाल्या कारखान्यांच्या बिस्किटांपर्यंत सर्वांना स्वस्त तेल मिळतें, आणि त्याचा धर्मादाय लातूर-वाशीमच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नांवें पडतो. शरद जोशी यांनीं या प्रकाराला 'उणे सबसिडी' म्हटलें होतें. तो शब्द कर्कश आहे, परंतु अचूक आहे.

कोणी म्हणतात, आमचा शेतकरी हेक्टरीं एक टन काढतो आणि ब्राझीलचा तीन टनांहून अधिक, त्याला भाव कसला पुरणार? उत्पन्न वाढलें पाहिजे यांत वाद नाहीं. पामच्या लागवडीसाठीं सन २०२१ त ११०४० कोटि रुपयांची व गळिताच्या धान्यांसाठीं सन २०२४ त १०१०३ कोटि रुपयांची योजना सरकारनें त्यासाठींच मंजूर केली. पण पुढच्या मोसमांत जकात कोणत्या तारखेला फिरेल हें ज्याला माहीत नाहीं, तो सुधारलेलें बीं आणि ठिबकाच्या नळ्या कोणत्या भरंवशावर विकत घेईल? म्हणून आमची मागणी लहान आहे. खाद्यतेलाच्या जकातीचा दर पेरणीपूर्वीं जाहीर व्हावा आणि माल घरीं येऊन विकला जाईपर्यंत त्याला हात लागूं नये. हमीभावाहून बाजार खालीं गेला तर जकात आपोआप चढावी, त्यासाठीं कोणाच्या दयेची वाट पाहावी लागूं नये. वायदेबाजार उघडावा, आरसा फोडल्यानें तोंडावरचा डाग जात नाहीं. आणि इथेनॉलच्या चोथ्याचा पेंडीवर काय परिणाम होतो याचा हिशेब कोठल्या तरी एका टेबलावर मांडला जावा.

सन २०२५ च्या खरिपांत हमीभाव ५३२८ रुपये झाला. बाजार पुन्हां त्याच्या बराच खालीं राहिला. देशांत सोयाबीनचा पेरा घटला व मक्याचा वाढला. लातूरच्या त्या पाटलांना आम्हीं पत्र घातलें होतें. उत्तर त्यांच्या नातवाच्या हातचें आलें: अर्ध्या रानांत या वर्षीं मका टाकला आहे, कारखान्याची गाडी बांधावर येते म्हणतात, सोयाबीनचें राहिलेलें अर्धें सप्टेंबरच्या पाण्यांत होतें, तें निघेल तितकें काढूं.